पाणीवाली बाई आमदार होते तेव्हा
(मनोरीच्या महिला गटाने समुदाय रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही मनोरीच्या बायका बोलतोय. मागून कोंबडा आरवला किंवा कुणी हाक मारली तर सांभाळून घ्या.

मनोरी कुठे, असं बाहेरगावच्या मैत्रिणी विचारतात. मालाडला उतरायचं, बस पकडून मार्व्याला यायचं, तिथे बोटीत बसायचं आणि खाडी ओलांडली की आमचं गाव. बोट चुकली तर उत्तन-भाईंदरवरून मोठा वळसा पडतो. इथे कोळीवाडा आहे, वाड्या आहेत, वलांडीवर बोंबील सुकतात, विहिरी आहेत. सगळं गावासारखं. पण कागदावर आम्ही मुंबई शहर. तुमच्याकडे ग्रामसभा भरते, सरपंचाला उभं करून विचारता येतं. आमच्याकडे ग्रामपंचायतच नाही, थेट महापालिका. त्यामुळे विचारायचं कुणाला, हा प्रश्न आम्हाला तुमच्यापेक्षा जरा जास्तच पडतो.

आजचा विषय या प्रश्नातूनच निघाला. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. गटातल्या एकीला म्हटलं, तू चांगली बोलतेस, हिशेब ठेवतेस, माणसं तुला ओळखतात, तू का नाही उभी राहत? ती हसली. मग म्हणाली, "उभी राहीन गं, पण निवडून आले तर तिथे जाऊन करायचं काय असतं?" सगळ्या गप्प. आमदार म्हणजे गाडी, नारळ फोडणं, लग्नाला हजेरी, इतकंच आम्ही पाहिलेलं. सभागृहात आत काय चालतं हे कुणालाच नीट सांगता येईना.

तेव्हा आमच्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "अगं, आपल्या गोरेगावची मृणाल होती ना. तिचं बघा."

मालाडच्या पुढचं स्टेशन गोरेगाव. आम्ही मासळी घेऊन कितीदा तिथून गेलो असू. मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूलही तिथे आहे. नाव रोज वाचायचं आणि माणूस ठाऊक नसायचा, असं आमचं झालं होतं. मग आम्ही माहिती गोळा केली. ती तुम्हाला सांगतो.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचं आडनाव मोहिले. डॉक्टरकी शिकत होत्या. राष्ट्र सेवा दलात गेल्या आणि ते शिक्षण अर्धवट सोडून समाजकार्यात उतरल्या. १९४८ मध्ये बंडू गोरे, म्हणजे केशव गोरे, यांच्याशी लग्न केलं. दोघांची जात वेगळी. त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती, आजही कुठे आहे? दोघंही समाजवादी चळवळीतले. संसार थाटला गोरेगावात. गोरेगाव तेव्हा आपल्यासारखंच गाव होतं, त्याला स्वतःची ग्रामपंचायत होती. बाईंच्या सार्वजनिक कामाची सुरुवात तिथून झाली. पुढे १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरं मुंबई महापालिकेत आली.

१९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा तीस वर्षांच्या, पदरी लहान मुलगी. आमच्यातल्या दोघी-तिघी अशाच वयात एकट्या पडल्या आहेत. त्यामुळे हे वाचून दाखवलं तेव्हा बैठकीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. घरात बसून राहायला कारण पुरेसं होतं. त्या बसल्या नाहीत. नवऱ्याच्या नावाने मित्रांनी गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला, आणि मृणालताईंचं पुढचं काम त्याच्या आधाराने चाललं. ट्रस्टची वास्तू आजही गोरेगाव पश्चिमेला आरे रोडवर आहे.

१९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. इथून पाण्याची गोष्ट सुरू होते.

शहर वाढत होतं. गिरण्या-कारखान्यांत काम करणारी माणसं उपनगरात झोपड्या बांधून राहत होती. त्यांना पाणी नव्हतं. पाणी भरायचं काम कुणाचं? बाईचं. पहाटे उठून हंडा घेऊन दूर जायचं, रांगेत भांडायचं, मग कामावर जायचं. मृणालताईंनी बायकांना घेऊन हंडा मोर्चे काढले, अधिकाऱ्यांच्या दारात बसल्या, वस्त्यांमध्ये नळ आणले. त्यातून नाव पडलं "पाणीवाली बाई". हे नाव कुठल्या सरकारने दिलेलं नाही, हंडेवाल्या बायकांनी दिलं.

आमच्या मावशींना त्यानंतरची वर्षं चांगली आठवतात. १९७२ चा दुष्काळ. तेल मिळेना, रॉकेलच्या रांगा, रेशनवर साखर नाही, आणि काळ्या बाजारात सगळं आहे. त्या वेळी महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती निघाली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट, शिवाय प्रमिलाताई दंडवते. पक्षांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. थाळ्या वाजवल्या. लाटणं मोर्चा म्हणतात तो हाच. आमच्याकडे नवराबायकोच्या भांडणाचे विनोद लाटण्यावर होतात. त्या बायकांनी तेच लाटणं मंत्रालयाकडे वळवलं.

त्याच १९७२ साली मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या. म्हणजे एक पाय रस्त्यावर आणि एक सभागृहात.

आता आमच्या गटातल्या त्या मैत्रिणीचा प्रश्न. आत जाऊन करायचं काय?

आम्हाला समजलं ते असं. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार असतात, मुदत पाच वर्षं. त्यांची मोठी कामं दोन. कायदे करणं, आणि सरकारला पैशाचा व कामाचा जाब विचारणं. गटार, रस्ता, दिवा हे खरं म्हणजे नगरसेवकाचं नाहीतर सरपंचाचं काम. आपण आमदाराकडे गटार मागतो आणि कायद्याबद्दल काही मागतच नाही. यात चूक आपली पण आहे, असं आम्हाला वाटलं.

जाब विचारायची साधनं ठरलेली आहेत. एक म्हणजे तारांकित प्रश्न. आमदाराने आधी लेखी द्यायचा, मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. उपप्रश्नात मंत्र्याची खरी तयारी कळते. दुसरी लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष ओढायचं आणि त्याला निवेदन करायला लावायचं. तिसरं अशासकीय विधेयक. हे आम्हाला अगदी नवीन होतं. कायद्याचा मसुदा फक्त सरकारच मांडतं असं नाही. साधा आमदार, विरोधी बाकावरचासुद्धा, स्वतः कायदा लिहून सभागृहासमोर ठेवू शकतो. तो सहसा मंजूर होत नाही, कारण मतं सरकारकडे असतात. पण विषय टेबलावर येतो. पेपरात येतो. सरकारला काहीतरी बोलावं लागतं.

या तिसऱ्या साधनाचा मृणालताईंनी जो उपयोग केला, तो प्रत्येक बाईने ऐकावा असा आहे. पण त्याआधी मधली वर्षं पटकन सांगून टाकतो.

१९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या भूमिगत राहून काम करत राहिल्या, मग पकडल्या गेल्या आणि तुरुंगात राहिल्या. १९७७ मध्ये मुंबई उत्तर मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या. त्याच निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा घोषणा निघाली होती, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." मावशींनी ही घोषणा तोंडपाठ म्हणून दाखवली आणि आम्ही खूप हसलो. दिल्लीत त्यांना मंत्रीपद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. यावर आमच्यात वाद झाला. काहींना वाटलं, घ्यायला हवं होतं, मंत्री झाल्यावर सही करायला मिळते. काही म्हणाल्या, मंत्री झालं की सरकारला प्रश्न विचारता येत नाही, उलट उत्तरं द्यावी लागतात. वाद मिटला नाही.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. आणि इथे ती गोष्ट.

त्या काळात गर्भजल परीक्षणाचं पेव फुटलं होतं. पोटातलं बाळ आजारी आहे का हे बघायची ती तपासणी. पण तिचा वापर मुलगी आहे का हे बघण्यासाठी होऊ लागला, आणि मुलगी निघाली की गर्भपात. जाहिराती लागायच्या. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. म्हणजे दुकानात एकावर एक फुकट म्हणतात तसं. मुंबईतल्या बायकांच्या संघटना, डॉक्टर, वकील, कार्यकर्ते यांनी याविरुद्ध मंच उभा केला. ते बाहेर निदर्शनं करत होते, अभ्यास करत होते. पण कायदा व्हायचा तर विषय सभागृहात जायला हवा होता. १९८६ मध्ये मृणालताईंनी तो अशासकीय विधेयक म्हणून आत नेला.

आम्ही इथे थांबून बराच वेळ बोललो. कारण यात एक व्यवस्था दिसते. बाहेर हजार बायका आणि आत एक बाई. बाहेरच्या नसत्या तर आतली एकटी ओरडून दमली असती. आतली नसती तर बाहेरच्यांचं निवेदन कुणाच्या तरी कपाटात गेलं असतं. सरकारला भूमिका घ्यावी लागली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. सगळ्या देशासाठी कायदा झाला १९९४ मध्ये. आज सोनोग्राफीच्या दारावर "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही" अशी पाटी असते ना, तिची मुळं या सगळ्यात आहेत. आमच्यापैकी प्रत्येकीने ती पाटी पोटावर हात ठेवून वाचली आहे. ती कुठून आली हे कुणालाच माहीत नव्हतं.

कायदा झाला म्हणून सगळं थांबलं का? नाही. त्यात पळवाटा आहेत हे चळवळीतल्या लोकांनीच तेव्हा सांगितलं होतं. जनगणनेचे आकडे बघा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. कायदा असताना आकडा खाली गेला. आमदार कायदा करू शकतो, सासूचं मन बदलू शकत नाही, असं आमच्यातली एक म्हणाली. ती स्वतः सासू आहे.

१९८८-८९ मध्ये मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. २८८ आमदारांच्या त्या सभागृहात तेव्हा बायका बोटावर मोजण्याइतक्या, आणि विरोधकांच्या वतीने पहिल्यांदा बोलायचा मान एका बाईचा.

घरांचंही सांगायला हवं. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने शहरातली जादा जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांसाठी वापरायची होती. प्रत्यक्षात सवलती देऊन ती भलतीकडेच जाते असं दिसल्यावर मृणालताई, बाबूराव सामंत आणि सोबत्यांनी नागरी निवारा परिषद काढली, कोर्टात भांडल्या, आणि गोरेगावच्या दिंडोशीत सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली. साध्या पगाराच्या माणसांची. मुंबईत हे ऐकून विश्वास बसत नाही. शिवाय घरात मार खाणाऱ्या, टाकलेल्या बायकांसाठी गोरेगावात "स्वाधार" केंद्र सुरू झालं. १९९० नंतरही दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. १७ जुलै २०१२ ला वसईत त्या गेल्या, वयाच्या ८४ व्या वर्षी.

गटातल्या शाळकरी मुलींनी विचारलं, बाहेरच्या देशात कसं असतं? अमेरिकेचं थोडं शोधलं. तिथे पन्नास राज्यं, आणि प्रत्येक राज्याचं आपलं विधिमंडळ. १८९४ मध्ये कोलोराडो राज्यात तीन बायका आमदार म्हणून निवडून आल्या, अमेरिकेतल्या त्या पहिल्या. नेवाडा राज्यात २०१९ मध्ये आमदारांत बायका निम्म्याहून जास्त झाल्या, हे देशात पहिल्यांदाच. तिथलं न्यू हॅम्पशायर राज्य अगदी छोटं, पण त्याच्या खालच्या सभागृहात ४०० आमदार, आणि पगार वर्षाला फक्त १०० डॉलर. हे ऐकून आमच्या खजिनदार म्हणाल्या, मग तिथे फक्त पोटापाण्याची सोय असलेलेच जाणार. खरं आहे ते. पगार नको म्हणणं त्यालाच परवडतं.

आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार यांचंही उदाहरण सापडलं. गरिबीत वाढले, शिकायला अमेरिकेत गेले, रसायनांच्या तपासणीचे धंदे उभे केले, एकदा बुडाले, परत उभे राहिले. २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या राज्यपालपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली. तिकडे राज्यपालसुद्धा लोक निवडतात. स्वतःचे लाखो डॉलर खर्च करून हरले. मग २०२० मध्ये तिथल्या राज्य विधिमंडळावर निवडून आले आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकेच्या संसदेवर. मराठी माणूस म्हणून बरं वाटलं. पण लाखो डॉलर वाचून आमची मैत्रीण म्हणाली, "आपल्या गटाच्या खात्यात किती आहेत गं?" त्यापेक्षा गोरेगावची वाट तिला जवळची वाटली. आधी पंचायत, मग महापालिका, मग विधानसभा, आणि सगळीकडे तीच हंडेवाली माणसं बरोबर.

आपल्याकडे पंचायत आणि महापालिकेत आता निम्म्या जागा बायकांच्या. विधानसभेत तसं अजून नाही. २०१९ मध्ये २८८ पैकी २४ बायका निवडून आल्या होत्या. २०२३ मध्ये संसदेने एक तृतीयांश जागांचा कायदा मंजूर केला आहे, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू व्हायचा आहे.

आता आमच्या दारातली गोष्ट. मनोरीत समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे. आधी दिवसाला २० कोटी लिटर, पुढे दुप्पट. मुंबईला पाणी लागतं, हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण पाणी गोडं केल्यावर जे जास्त खारं पाणी उरतं ते परत समुद्रातच सोडतात. ते नेमकं कुठे सोडणार? तिथे आमच्या होड्या जातात का? मासळीवर काय होईल, याचा अभ्यास आम्हाला समजेल अशा मराठीत मिळेल का? आणि जे गोडं पाणी निघेल त्यातलं मनोरीच्या नळाला किती? आम्ही प्रकल्पाच्या बाजूने की विरुद्ध, हे अजून ठरवलेलं नाही. गटातच दोन मतं आहेत. तरुण मुलींना नोकऱ्या दिसतात, होडीवाल्या घरांना जाळं दिसतं.

याआधी आम्ही दुसऱ्या एका कामासाठी एका कार्यालयात अर्ज दिला होता. तीनदा बोटीने गेलो. अर्ज हरवला म्हणाले. पोच घेतली नव्हती, ही आमची चूक. या वेळी प्रश्न चार आहेत, चारही एका कागदावर, दोन प्रती, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. कागद आमदारांकडे जाईल आणि त्यात लिहिलंय की हे लक्षवेधी म्हणून नाहीतर तारांकित प्रश्न म्हणून मांडा. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीसुद्धा असते, आमदारामार्फत तिथे अर्ज जातो, तेही खाली लिहिलं आहे. आमदाराच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो. अधिवेशन मुंबईत असेल तेव्हा पाच जणींचे पास मागणार आहोत. कामकाज चालतं कसं हे एकदा डोळ्यांनी बघू.

तुमच्या गावात धरण असेल, खाण असेल, रस्ता असेल. तुमचे प्रश्नही लिहून आमच्या कार्यक्रमाला पाठवा. कसे लिहिले ते आम्हाला शिकायचं आहे.

आणि ती मैत्रीण? तिने अजून हो म्हटलेलं नाही. पण परवा बैठकीला येताना तिने वही आणली होती, आणि पहिल्या पानावर लिहिलं होतं, "उपप्रश्न". खाली सात लिहिले होते. त्यातले दोन आमच्यावरच होते, गटाच्या हिशेबाबद्दल. खजिनदार अजून उत्तर शोधतायत.

बोटीची वेळ झाली. येतो आम्ही.